कॉइल बदलली तरी गाडी पुन्हा मिस मारते? नवी कॉइल घेण्याआधी हे बघा

ही पोस्ट पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलला स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे डिझेलवाल्यांना यातलं काही लागू नाही.

तक्रार ठरलेली असते. गाडी मिस मारत होती (म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन मधूनमधून पेटत नव्हतं), मिस्त्रीनं कॉइल (बॅटरीच्या बारा व्होल्टपासून प्लगच्या ठिणगीसाठी हजारो व्होल्ट करणारा भाग) बदलली, थोडे दिवस बरी चालली आणि परत तेच. मग आणखी एक कॉइल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांची वायरिंग करता करता मी एक ठरवून टाकलंय: एकाच सिलिंडरवर लागोपाठ दोन कॉइल गेल्या, तर खोट कॉइलमध्ये नाही, त्या जागेत आहे. तिथं पाणी उतरतंय, तेल झिरपतंय, प्लग झिजलाय, अर्थची (बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारी) वायर सैल आहे, नाहीतर कुणीतरी मूळ वायर सोलून मध्ये काहीतरी घुसवलंय. या शेवटच्या प्रकारात हल्ली सायलेन्सरमधून जाळ काढायच्या किटची भर पडलीय. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, कारण सगळ्यात जास्त डोकं तिथंच खपतं.

लक्षणं, आणि ती नेमकी कधी दिसतात

उभ्या गाडीत स्टेअरिंग थरथरतं. चढाला पाय दाबला की गाडी झटके देते. सायलेन्सरमधून फट-फट आवाज येतो, कच्च्या पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेज पडतं. डॅशबोर्डवर पिवळी चेक इंजिनची लाईट लागते. ही लाईट नुसती लागलेली असणं आणि उघडझाप करणं यात मोठा फरक आहे. उघडझाप म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या जाळीत) जाऊन तिथं जळतंय, असा इशारा. कन्व्हर्टर त्या उष्णतेनं आतून वितळू शकतो. अशी गाडी ‘घरापर्यंत तरी नेऊ’ म्हणून दामटायची नाही. वेग कमी करा, बाजूला घ्या.

लक्षण काय यापेक्षा ते कधी येतं, हे मला जास्त उपयोगी पडतं. गिऱ्हाईकाला मी तेच आधी विचारतो.

फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर मिस मारत असेल, तर करंट कुठून तरी बाहेर गळतोय. गगनबावडा, राधानगरीकडच्या गाड्या जुलै-ऑगस्टमध्ये हीच तक्रार घेऊन येतात. थंड असताना ठीक आणि वीस-पंचवीस मिनिटं चालल्यावर मिस मारायला लागली, तर कॉइलचं आतलं वाइंडिंग तापून सोडतंय. ही मात्र खरोखर कॉइलच. सपाटीला छान आणि आंबा घाटात झटके, तर प्लगची गॅप (ठिणगी पडते ती फट) वाढलेली असण्याची शक्यता मोठी: भार पडला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर मिस, हाही त्याचाच भाऊ. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून अशक्त प्लग-कॉइलचं पितळ सीएनजीवर आधी उघडं पडतं. आणि फक्त उभ्या गाडीत थरथर, रेस केली की गायब, असं असेल तर कॉइलच्या मागे लागू नका. इनटेकला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला) कुठं बाहेरची हवा ओढली जातेय का, थ्रॉटल बॉडीत (हवेच्या झडपेत) काळं साठलंय का, ते आधी बघा.

फुकटात होणारी तपासणी

गाडी थंड असताना बॉनेट उघडा, वरचं प्लॅस्टिक कव्हर काढा आणि कॉइल आहेत कुठं ते शोधा. तीन प्रकार सापडतील. कार्बोरेटरच्या जुन्या मारुती ८०० सारख्या गाडीत एकच कॉइल आणि शेजारी डिस्ट्रिब्युटर. त्यानंतरच्या काही गाड्यांत एक कॉइल पॅक आणि त्यातून प्रत्येक प्लगला जाणारी जाड वायर. आणि आताच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक स्वतंत्र कॉइल, एका बोल्टनं बसवलेली.

चार सिलिंडरच्या कॉइल पॅकमध्ये बहुधा एकेक कॉइल दोन प्लग सांभाळते: एक नंबर आणि चार नंबर एकत्र, दोन आणि तीन एकत्र. म्हणून एक आणि चार दोन्ही मिस मारत असतील तर पॅकमधली एक बाजू गेली. एकटा तीन नंबर मिस मारत असेल, तर पॅकपेक्षा त्याची वायर किंवा प्लग जास्त संशयित. सिलिंडरचे नंबर बहुतेक आडव्या बसवलेल्या इंजिनांत फॅनबेल्टच्या बाजूनं सुरू होतात, तरी तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघून खात्री करा. नंबर उलटा धरला की पुढचं सगळं निदान उलटं होतं.

आता वायर. कपलर (वायरचा खटक्यानं बसणारा जोड) हलवून बघा, लॉक तुटलेलं आहे का, पिना हिरव्या पडल्यात का. उंदरानं कुरतडलंय का हे नीट बघा. गुऱ्हाळाजवळ किंवा उसाला लागून लावलेल्या गाडीत हे हमखास सापडतं. इंजिनची ऊब आणि आडोसा उंदरांना बाहेर कुठं मिळणार! वायरिंगवर कुठं कंपनीच्या नळीऐवजी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर तिथं बोट ठेवा आणि लक्षात ठेवा. अशी पट्टी बहुधा नंतर कुणीतरी मारलेली असते.

त्यानंतर कॉइल अदलाबदल. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) असेल तर कोड वाचा. पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर मिस, पी०३०२ म्हणजे दोन नंबर, असंच पुढं. पी०३०० म्हणजे कोणताही एक असा नक्की नाही. पी०३५१ पासूनचे कोड मिसिंगचे नव्हेत, ते कॉइलच्या सर्किटचे: पी०३५१ एक नंबरच्या कॉइलचा, पी०३५२ दोनच्या. समजा पी०३०२ आलाय. इग्निशन बंद करा, दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर बसवा, कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर गेला, म्हणजे कॉइल खराब. कोड दोनवरच राहिला तर नवी कॉइल घेऊन एक रुपयाचाही फायदा होणार नाही. एवढी एक तपासणी झाली असती तर निम्म्या कॉइल विकल्याच गेल्या नसत्या, असं माझं प्रामाणिक मत आहे.

स्कॅनर नसेल तर गाडी पेट्रोलवर उभी चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा कपलर काढा. कपलर काढल्यावर आवाजात काहीच फरक पडला नाही तर तो सिलिंडर आधीपासूनच मेलेला आहे. चालू इंजिनात प्लगची वायर किंवा कॉइल उपटायची जुनी पद्धत मात्र सोडा. तिथं वीस ते चाळीस हजार व्होल्ट असतात. झटका बसतो तो बसतोच, शिवाय मोकळ्या सुटलेल्या कॉइलचं इन्सुलेशन आतून फाटतं आणि कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. इंजेक्टर काढला की पेट्रोलच बंद होतं, म्हणून ते सुरक्षित.

थोडा खर्च, थोडी मेहनत

कॉइल वर काढून खालच्या खळग्यात टॉर्च मारा. पाणी दिसलं तर ते वायपरखालच्या जाळीतून किंवा वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्यातून आलं. इंजिनवर प्रेशरनं पाणी मारून घ्यायची हौस कोल्हापुरात फार आहे आणि आमचा बराच धंदा त्या हौशीवर चालतो. तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा प्लगच्या नळीची सील गेली. पॅकिंग न बदलता नुसती कॉइल बदलली तर कॉइलखाली प्लगवर बसणारा नवा रबर बूटसुद्धा त्याच तेलात फुगतो, आणि महिन्याभरात गाडी परत दारात.

प्लग काढण्याआधी खळगा हवेनं साफ करा, नाहीतर कचरा थेट सिलिंडरमध्ये. प्लग थंड इंजिनातच काढायचा, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गरम असताना सहज ओढले जातात. प्लगच्या पांढऱ्या भागावर पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथून बाहेरून उडतोय. अशी रेघ प्लगवर असली की समोरच्या रबर बूटमध्येही तिची जोडी असतेच. दोन्ही बदला. एकच बदललं तर जुनी रेघ नव्या भागाला लगेच वाट दाखवते.

गॅप गाडीच्या पुस्तकातली ठेवा. बहुतेक गाड्यांत ती ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान येते. साधे निकेलचे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलायचे असतात. लोक साठ हजारांपर्यंत ओढतात. गॅप वाढत जाते, कॉइलला प्रत्येक ठिणगीला जास्त व्होल्टेज उभं करावं लागतं, आणि एक दिवस प्लगमधून उडी मारण्यापेक्षा कॉइलच्या आतच उडी मारणं करंटला सोपं जातं. कॉइल ‘अशीच’ गेली म्हणतात ती अशी जाते. कॉइल नवी आणि प्लग जुनाच, ही जोडी कधीही बसवू नका.

मल्टिमीटर लागेल असं काम

गाडी बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. पंधराच्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बघा. जास्त व्होल्टेजनं कॉइल तापून मरतात, आणि एकच नाही तर एकामागून एक.

मग अर्थ. इंजिन चालू, हेडलाईट आणि एसी लावलेला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर छान. जास्त दाखवत असेल तर इंजिनची अर्थ पट्टी काढून पॉलिश पेपरनं घासून घट्ट बसवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांत ही पट्टी वरून चांगली आणि आतून गंजलेली निघते.

आता कॉइलचा कपलर. दोन पिना असतील तर एकीवर इग्निशन चालू केल्यावर बॅटरीचं व्होल्टेज येतं आणि दुसरीचा अर्थ ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) तोडतो-जोडतो. तीन पिना असतील तर एक पॉझिटिव्ह, एक अर्थ आणि एक सिग्नल. सिग्नलवर साधारण पाच व्होल्टचा बारीक इशारा येतो, कारण मोठा करंट तोडणारा भाग कॉइलच्या आतच बसवलेला असतो. चौथी पिन असेल तर बहुधा ती कॉइलनं ईसीएमला ‘ठिणगी पडली’ असं परत कळवायची असते.

पॉझिटिव्ह तपासताना मीटरवर विसंबू नका. वायरमधला एकच धागा शिल्लक असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब तिथं लावा, भार पडला की खरं काय ते कळतं. पण हाच बल्ब चुकूनही सिग्नलच्या पिनेला लावू नका. ईसीएमच्या आतला ड्रायव्हर तेवढा करंट झेलायला बनवलेला नसतो. कोणती पिन कसली, हे वायरिंग डायग्राममध्ये बघितल्याशिवाय इथं हात घालायचा नाही.

दोन पिनांच्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स सहसा एक ओहमच्या आसपास किंवा खाली असतो. तीन-चार पिनांच्या कॉइलवर मीटर लावून काही निष्पन्न होत नाही, कारण मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आहे. तिथं अदलाबदल हीच चाचणी.

आता त्या जाळाच्या किटबद्दल

‘जाळ आणि धूर संगटच’ हे आपलं कोल्हापुरी बोलणं काही पोरांनी फारच मनावर घेतलंय. किटमध्ये असतं काय? एक जादा इग्निशन कॉइल, एक स्पार्क प्लग, एक डबी आणि एक बटण. प्लग टेलपाईपमध्ये (सायलेन्सरच्या शेवटच्या नळीत) वेल्ड करून बसवतात. डबी इंजिनच्या मूळ कॉइलचं सर्किट क्षणभर तोडते, म्हणजे पेट्रोल न जळता सायलेन्सरमध्ये येतं, आणि मागचा प्लग तिथं ठिणगी टाकतो. थोडक्यात, जे मिसिंग घालवायला लोक आमच्याकडे येतात तेच हे किट मुद्दाम घडवून आणतं.

मला वरचेवर विचारलं जातं, ‘दादा, कुठल्या वायरला जोडायचं तेवढं सांगा.’ मी सांगत नाही, आणि कारण लपवत नाही. या किटची मूळ कल्पना एक कॉइल, एक डिस्ट्रिब्युटर आणि कन्व्हर्टर नसलेल्या गाडीची आहे. तिथं कॉइलचा निगेटिव्ह तोडला की संपलं. तीन पिनांच्या कॉइलमध्ये निगेटिव्ह म्हणून लोक जी वायर तोडतात ती निघते सिग्नलची किंवा सेन्सर अर्थची. मग पी०३५१ ते पी०३५४ सगळे कोड एकत्र येतात, क्वचित ईसीएमचा ड्रायव्हर जळतो आणि बिल पाच आकड्यांत जातं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत ईसीएम क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) गतीवरून मिसिंग ओळखतो, आणि बरेच ईसीएम त्या सिलिंडरचं पेट्रोलच बंद करतात. जाळ निघतच नाही, गाडी मात्र लंगडी होते.

सीएनजीची टाकी डिकीत आणि तिच्याखाली पेटता टेलपाईप, ही जोडी मी दारातसुद्धा उभी करून घेत नाही. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याच्या कडेला पाचट पडलेलं असतं, ते वेगळंच. आणि कायदा: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेबाहेरचे असे बदल चालत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

खरा घोळ किट काढल्यावर सुरू होतो. गाडी विकायची असते, म्हणून मालक बटण आणि डबी काढतो, मागचा पाईप बदलतो आणि इंजिनकडचे जोड तसेच सोडतो. नवा मालक मिसिंगची तक्रार घेऊन फिरत राहतो आणि त्याला बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. सेकंडहँड गाडी असेल तर हे बघा: डिकीच्या गालिच्याखाली जादा कॉइल किंवा तिच्या स्क्रूची भोकं, टेलपाईपवर वेल्डचा नटासारखा उंचवटा, फायरवॉलच्या रबरातून आत गेलेली जादा वायर, स्टेअरिंगखाली कापलेली टोकं आणि कॉइलच्या कपलरपासून वीतभर अंतरावर ती काळी चिकटपट्टी.

सापडलं तर बॅटरीचा निगेटिव्ह काढा. पट्टी उकला. मूळ वायर कापलेली असेल तर तिची दोन्ही टोकं एकाच रंगाची असतात, ती एकमेकांना मिळवा. वायर नुसती सोलून दुसरी वायर पिळली असेल तर तेवढा तुकडा कापून तितक्याच जाडीचा नवा घाला. जोड क्रिम्प स्लीव्हचा, वर हीट श्रिंक. पिळून पट्टी मारलेला जोड इंजिनच्या थरथरीनं सैल होतो, पावसाळ्यात आतून हिरवा पडतो, आणि मिसिंग दर पावसाळ्यात परत येतं ते यामुळेच. रंग जुळत नसतील, एकाच जागी तीन-चार टोकं लोंबत असतील, तर अंदाजानं जोडू नका.

किटवर चाललेल्या गाडीचा कन्व्हर्टरही तपासून घ्या. थंड असताना त्यावर रबरी हातोड्यानं हलकं ठोका. आत खुळखुळ वाजलं तर जाळी फुटलीय. वरच्या आरपीएमला गाडी दमत असेल तर ती वितळून तुंबलेली असू शकते. अशा गाडीत कॉइल कितीही बदला, पिकअप येणार नाही.

बाहेरून लावलेल्या सीएनजी किटबद्दल एवढंच: टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढं करणारी डबी क्रँक सेन्सरच्या वायरवर जोडलेली असते. तिचा जोड खराब झाला तरी लक्षणं हुबेहूब कॉइलसारखी येतात.

काम झाल्यावर

कोड पुसा आणि गाडी जोतिबाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये न्या. सपाटीची ट्रायल काही सांगत नाही. खाली आल्यावर स्कॅनरमध्ये मिसफायरचा आकडा सिलिंडरनुसार बघा. पावसातलं मिसिंग असेल तर पावसातच ट्रायल घ्या.

इथं थांबा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा

कॉइल, प्लग आणि अर्थ सगळं ठीक असून पी०३५१ च्या मालिकेतला कोड हलत नसेल, तर प्रश्न हार्नेसचा (वायरिंगच्या जुडग्याचा) किंवा ईसीएमचा आहे. त्याला ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लागतो, मीटर पुरत नाही. कॉइल आणि प्लग बदलूनही तोच सिलिंडर मेलेला असेल तर कॉम्प्रेशन तपासायला इंजिनच्या मिस्त्रीकडे न्या. सायलेन्सरचा नव्हे, तर गाडीत किंवा बॉनेटखाली पेट्रोल किंवा गॅसचा वास येत असेल तर स्विच चालू-बंदसुद्धा करू नका. गाडी पुराच्या पाण्यात राहिली असेल तर सेल्फ मारू नका, टो करूनच न्या. हायब्रिड गाडीत नारिंगी वायर दिसली की हात मागे. आणि गाडी वॉरंटीत असेल तर कपलर उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला दाखवा.

जाताना काढलेली जुनी कॉइल आणि प्लग सोबत न्या. कुठला कुठल्या सिलिंडरचा, हे त्यावर मार्करनं लिहून ठेवा आणि मिसिंग कधी येतं ते सांगा: पावसात, तापल्यावर, चढाला की सीएनजीवर. आणि किट लावलेलं होतं का, हे विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा. आम्हाला ते कळतंच, पण तोवर तासाभराची मजुरी तुमच्या बिलात लागलेली असते.